'कोचची एक्स-वाइफ', आजारी मुलगा आणि पब्लिसिटी: बरोबर की चूक?

रात्रपाळी:
अमेरिकन कॉलेज फुटबॉल (ते हेल्मेटवालं) बघणारे इथे दोन-चारच असतील म्हणून आधी थोडक्यात सांगतो. जिम्बो फिशर हा फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीचा हेड कोच होता, २०१४ च्या जानेवारीत त्याच्या टीमने ऑबर्नला ३४-३१ असं हरवून नॅशनल चॅम्पियनशिप मारली होती. त्याआधी २०११ मध्ये त्याच्या धाकट्या मुलाला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया (यात बोन मॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, हळूहळू बंद पडतो) असल्याचं कळलं आणि त्याच वर्षी त्याने आणि बायको कँडीने या आजारावरच्या रिसर्चसाठी किड्झ फर्स्ट फंड काढला. २०१५ ला दोघं वेगळे झाले, तो पुढे टेक्सासला गेला. कँडीने काम सोडलं नाही. बातम्यांमध्ये मात्र बाई कायम कोचची एक्स-वाइफ, म्हणजे संसार मोडला तरी आडनावाचं शेपूट आहेच.

माझं मत असं की तिने मुलाचा आजार चव्हाट्यावर मांडला ते बरोबरच केलं. अमेरिकेत साधारण १ लाख ३६ हजार जन्मांमागे एक केस, एवढ्या दुर्मिळ आजारासाठी औषध कंपन्या काही आपणहून धावत येत नाहीत. कोणीतरी बोंब मारायलाच लागते, आणि हिच्याकडे तर भरलेलं स्टेडियम होतं. तुम्हाला काय वाटतं?

कडूकारलं:
मला नाही पटत. बोंब आईने मारली, पण आजार कोणाचा? पोरगं तेव्हा पाच-सहा वर्षांचं, त्याला विचारलं होतं का कोणी? उद्या तो नोकरीला अर्ज करेल, कोणाला डेटवर नेईल, समोरच्याने त्याचं नाव सर्च केलं की पहिलं काय दिसणार, त्याचा बोन मॅरो. मोठेपणी त्याला वाटलं की हे कोणाला कळू नये, तर ते परत पोटात घालता येणारे का? आईबापाचं दुःख खरंय, मान्य, पण मुलाची मेडिकल फाइल ही काय आईबापाची प्रॉपर्टी नाही.

शेवटचाबाक:
+१ कारलं. शिवाय घटस्फोट आजाराच्या ताणामुळेच झाला असणार.

रात्रपाळी:
ते तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांच्या घरात शिरायचं काही कारण नाही, विषयावर या.

पेट्रीडिश:
मी अमेरिकेतल्या एका सायटोजेनेटिक्स (क्रोमोसोम, म्हणजे पेशीतले डीएनएचे धागे तपासणाऱ्या) लॅबमध्ये काम करते म्हणून राहवलं नाही. 'अ‍ॅनिमिया' या शब्दानेच घोळ होतो, लोकांना वाटतं लोहाच्या गोळ्या घेतल्या की झालं. त्यात फॅन्कोनी सिंड्रोम नावाचा किडनीचा वेगळाच आजार आहे, त्याच गिडो फॅन्कोनी नावाच्या स्विस डॉक्टरवरून. आपला धाग्यातला आजार त्याने १९२७ मध्ये लिहून ठेवला. यात पेशीला डीएनएची एका प्रकारची मोडतोड दुरुस्त करता येत नाही. बोन मॅरो हळूहळू बंद पडतो, प्लेटलेट घसरतात, ल्युकेमियाचा (रक्ताच्या कॅन्सरचा) धोका वाढतो.

टेस्ट म्हणजे काय, तर रक्तातल्या पेशी डीईबी नावाच्या केमिकलमध्ये वाढवायच्या आणि मग मायक्रोस्कोपखाली बघायच्या. आपले क्रोमोसोम बहुतेक शाबूत दिसतात. या मुलांचे तुटतात, आणि तुटलेले तुकडे भलत्याच क्रोमोसोमला जाऊन चिकटतात, चार तंगड्यांच्या कोळ्यासारखं काहीतरी दिसतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी स्लाइडवरून डोळाच काढला होता.

आता अवेअरनेसचं. यावर बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात, म्हणजे दुसऱ्याचा निरोगी मॅरो देतात. त्याच्या आधी जो केमो देतात त्याचा नेहमीचा डोस या मुलांना झेपत नाही, जीव जाऊ शकतो. म्हणजे निदान आधी व्हायला हवं. आणि सगळ्यांचीच चण बारीक असते किंवा अंगठा वेगळा असतो असं नाही, काहींच्यात बाहेरून काहीच कळत नाही. भाऊ-बहीण डोनर म्हणून उभे केले तर त्यांचीही टेस्ट करावी लागते, कारण आईबाप दोघे कॅरियर (स्वतः आजारी नाहीत, पण बिघडलेला जीन अंगात) असले की प्रत्येक मुलाला पंचवीस टक्के धोका, वरून धडधाकट दिसणाऱ्यालाही. आजाराचं नाव डॉक्टरच्या कानावरून गेलेलं असणं ही चैन नाहीये हो.

कडूकारलं:
ताई, माहिती एक नंबर. पण डॉक्टरच्या कानावर घालायला मुलाचं नाव आणि फोटो कशाला लागतो? कॉन्फरन्समध्ये सांगा.

हिशोबनीस:
माझं दुखणं वेगळंय. टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीने या माणसाला, म्हणजे फिशरला, २०१७ च्या डिसेंबरात १० वर्षांचा ७.५ कोटी डॉलरचा करार दिला, २०२३ च्या नोव्हेंबरात काढलं तेव्हाही घरी बसायचे ७.५ कोटींच्या वर द्यायचे ठरले. आणि डोनेशन कोणी द्यायचं, तर गेम बघायला येणाऱ्या फॅनने! पैसा प्रसिद्धीच्या मागे जातो हा खरा प्रॉब्लेम आहे. अमेरिकेत सिकल सेलचे (रक्ताचा आजार, बहुतेक काळ्यांना होतो) पेशंट लाखभर, सिस्टिक फायब्रोसिसचे (फुप्फुसांचा आजार, बहुतेक गोऱ्यांना होतो) त्याच्या निम्म्याहून कमी, तरी डोईमागे रिसर्चचा पैसा सिस्टिक फायब्रोसिसला कितीतरी जास्त. कारण एका बाजूला ओळखीपाळखीवाले गोरे आईबाप आहेत. ज्या आईचा नवरा कोच नाही तिने काय करायचं?

रात्रपाळी:
हिशोबनीस, पॉइंट चांगलाय, पण हा फंड त्यांच्या घरच्या हॉस्पिटलच्या बिलासाठी नाही, पैसा मिनेसोटा युनिव्हर्सिटीतल्या फॅन्कोनी रिसर्चला जातो. तो एका मुलाच्या खात्यात पडत नाही. आणि करार नवऱ्याचा, तिचा नाही, एवढा तरी फरक करा.

जुनाखोडरबर:
हिशोबनीसांना एक जोड. कोच नसलेल्यांनी काय करायचं याचं उत्तर ओरेगनमध्ये आहे. डेव्ह फ्रोनमायर तेव्हा तिथले अ‍ॅटर्नी जनरल (राज्य सरकारचे सर्वात वरचे वकील) होते, ते आणि त्यांची बायको लिन यांनी १९८९ मध्ये फॅन्कोनी अ‍ॅनिमिया रिसर्च फंड काढला. त्यांच्या तिन्ही मुलींना हा आजार होता. तिघीही गेल्या, शेवटची २०१६ मध्ये. आता तेही वजनदार घरच, हे मी कबूल करतो, म्हणजे तुमचा मुद्दा अर्धा उरतोच.

पण 'मूठभर पोरांसाठी एवढा खर्च' हे जे न बोलता बोललं जातंय ते चूक. ब्रेस्ट कॅन्सरमुळे सगळ्यांना माहीत असलेला बीआरसीए-२ जीन हा फॅन्कोनीच्या जीनांपैकीच एक आहे, आईबाप दोघांकडून बिघडलेला आला की फॅन्कोनी. म्हणजे मूठभर पोरांच्या पेशींत जे कळतं ते लाखो बायकांच्या कामाला येतं.

हिशोबनीस:
हे मला माहीत नव्हतं. 'मूठभर' मी म्हटलं नव्हतं हां, पण डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू.

घरचंचविचार:
कारलंभाऊंना माझा विरोध आहे. मी अमेरिकेत राहते, दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात कलीगच्या भाचीसाठी (आजार वेगळा) स्वॅब ड्राइव्ह, म्हणजे मॅरो डोनरच्या यादीसाठी (रजिस्ट्री) गालातला नमुना घ्यायचा कार्यक्रम, ठेवला होता. आदल्या आठवड्यात मेल आली, 'रजिस्ट्रीत नाव नोंदवा', नऊशे लोकांच्या ऑफिसात आठ-दहा नावं आली. मग त्या मुलीच्या आईने स्वतः येऊन टेबलावर तिचा फोटो ठेवला, दात पडलेला, हसणारा. दुपारी रांग जिन्यापर्यंत. मीही त्याच रांगेत होते, गालाच्या आतून कापूस फिरवायचा, अर्ध्या मिनिटाचं काम, आणि मी वर्षानुवर्षं 'करू कधीतरी' म्हणत होते. तुमच्या कॉन्फरन्सने मी हलले नसते.

आणि भावंडांत जुळण्याचा चान्स चारात एक, बाकीच्यांना परक्याकडेच बघावं लागतं. अमेरिकेच्या रजिस्ट्रीत गोऱ्यांना पूर्ण जुळणारा डोनर सापडण्याचा चान्स ७९ टक्के, काळ्यांना २९. तेव्हा सगळ्यांनीच नोंदवायला पाहिजे, रांग लागायला पाहिजे, आणि रांग चेहऱ्यामुळे लागते.

कडूकारलं:
रांग लागली हे बरंच झालं. पण तुम्ही सांगताय ते त्या मुलीच्या फोटोचा उपयोग झाला असं, तिची परवानगी होती असं नाही. दोन्ही वेगळं. ती मुलगी वीस वर्षांची झाल्यावर काय म्हणते ते ऐकायला मला आवडेल.

पेट्रीडिश:
कारलंभाऊ, वीस वर्षांची होऊ दे एवढीच तर धडपड आहे. तरी तुमचं एक मात्र मी उचलते. ट्रान्सप्लांट झालं की आजार संपला असं चित्र या कॅम्पेनमधून जातं, ते अर्धवट आहे. ट्रान्सप्लांटने रक्त सुधारतं, बाकीच्या पेशी त्याच राहतात. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका राहतोच, म्हणून मोठेपणीही दर सहा महिन्यांनी जीभ, हिरड्या दाखवत बसायचं. लहान गोंडस पेशंटचा फोटो सगळे शेअर करतात, तिशीतल्या पेशंटचा कोणी करत नाही.

रात्रपाळी:
हे मी धाग्यात वरच घ्यायला हवं होतं. माझं मत बदललेलं नाही, पण मुलगा मोठा झाला की माइक त्याच्या हातात द्यायला हवा, आणि त्याला नको असेल तर बंद करायला हवा, हे मानतो.

कडूकारलं:
चला, एवढं तरी. ते स्वॅबचं वय काय असतं हो?

पेट्रीडिश:
अमेरिकेत १८ ते ४०, त्यातही ३५ च्या आतले जास्त हवे असतात.

कडूकारलं:
मी ४३. म्हणजे माझ्याकडे वाद घालायचंच काम उरलं.