मदत हवी: नमाजेतही ते थांबत नाही, गुनाह आहे का?

खाडीपलीकडची
अस्सलामु अलैकुम. ते परत सुरू झालंय. काल रात्री इशाच्या नमाजेत किती रकाती झाल्या तेच आठवेना. हातपाय धुऊन वुजू नीट करते, आयतल कुर्सी पढते, सगळं करून झालं. गुनाह लागतो की नाही, एवढंच सांगा. आजच सांगा.

जुना_चिपळूणकर
वालैकुम अस्सलाम. 'ते' म्हणजे काय, बेटा? घाणेरडे विचार, भीती, की आणखी काही?

सहर
वाईट स्वप्न पडलं तर डावीकडे तीनदा थुंकून कूस बदलावी, कोणाला सांगू नये. चांगलं असेल तर जिवाभावाच्या माणसालाच सांगावं.

खाडीपलीकडची
झोपेतलं नाही हो! जागेपणीचं. नववीपासून मनात एक घर आहे. त्यात माणसं आहेत, त्यांचं सगळं चालू असतं. कानात गाणं लावून खोलीत फेऱ्या मारते, दोन-तीन तास कुठे जातात कळत नाही.

जुना_चिपळूणकर
हे आधी सांगायचं ना. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस, म्हणजे हुजूर पैगंबरांचं वचन आहे: उम्मतीच्या, म्हणजे आपल्या लोकांच्या मनात जे येतं ते अल्लाहने माफ केलंय, जोवर ते बोललं किंवा केलं जात नाही. नमाजेत मन भरकटण्याची तक्रार हुजूरांचे साथीदार, सहाबी उस्मान बिन अबुल आस यांनीही केली होती. हुजूर म्हणाले, तो खिंजब नावाचा शैतान, अल्लाहची पनाह माग आणि डावीकडे तीनदा हलकं थुंक. रकातींचा संशय आला तर कमी आकडा धर, उरलेली पुरी कर, सलामाआधी सज्दा-ए-सह्वचे, म्हणजे चुकीच्या भरपाईचे दोन सज्दे कर.

मिरजवाला
सलामाआधी कसं? एका बाजूला सलाम फिरवून मग सज्दे. आणि संशय नेहमीचाच असेल तर मन जिकडे झुकतं ते धरायचं.

जुना_चिपळूणकर
ते तुमच्या हनफी पंथाचं. कोकणात आम्ही शाफई. पोरीला गोंधळात पाडू नका.

सायली_पुणे
मी मुस्लिम नाही, पण फेऱ्या आणि गाणं वाचून राहवलं नाही. माझं अगदी हेच होतं. एली सोमर या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली याला 'मॅलअ‍ॅडॅप्टिव्ह डेड्रीमिंग' (ताब्यात न राहणारं दिवास्वप्न) असं नाव दिलं. मी आधी इअरफोन बंद केले, मग समुपदेशकाकडे गेले. १४४१६ ही सरकारी टेलिमानस हेल्पलाइन फुकट आहे.

मिरजवाला
हा वसवसा आहे, शैतानाची कुजबुज. सूरे नास पढा. डॉक्टर कशाला?

जुना_चिपळूणकर
अबू जैद अल-बल्खींनी हजारएक वर्षांपूर्वी शरीर आणि मन दोन्हींच्या इलाजावर किताब लिहिली, वसवश्यावर वेगळं प्रकरण आहे त्यात. इलाज करणं दीनच्या बाहेर नाही. मात्र मिरजवाल्यांची एक गोष्ट खरी, सूरे नास पढावीच. बेटा, नमाज सोडून फेऱ्या मारतेस का? गुनाहचा प्रश्न खरा तिथे आहे.

खाडीपलीकडची
शाफईच आहे. पहाटेची फजर दोनदा गेली, नंतर कजा पढली. गाणं आजपासून बंद करून बघते. पण ती माणसं गेली तर मी बोलू कोणाशी?

सायली_पुणे
घरी कोण कोण असतं तुझ्या?

खाडीपलीकडची
घरी नाही, हॉस्टेलला असते. रूममेट जूनमध्ये गेली.