मदत हवी आहे: नोकरीच्या मेसेजमधली कंपन्यांची शॉर्ट नावं कशी लिहायची?

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वाळपईजवळ राहते. आजूबाजूच्या गावांतल्या पोरांसाठी नोकरीच्या जाहिरातींचा एक ग्रुप आहे, तो आम्ही तिघं-चौघं मिळून चालवतो. आयटीआयवाले, बारावीवाले, मधेच शाळा सोडलेले सगळे आहेत, आणि बऱ्याच जणांच्या आयाही आहेत, कारण मुलगा कामावर असला की मेसेज आईच वाचते आणि संध्याकाळी त्याला सांगते. म्हणून लिहिलेलं त्या आईलाही कळायला हवं असं माझं म्हणणं आहे, आणि तिथंच आमचं जुळत नाहीये.

मध्ये एक मेसेज फिरत आला, "एमआरएफला हेल्पर पाहिजेत, आठवी पास चालेल". आमच्याकडे एमआरएफ म्हटलं की उसगावची टायर फॅक्टरी, दुसरं काही डोक्यात येतच नाही. दोन पोरं सकाळची पहिली बस धरून उसगावला गेली, गेटवर वॉचमन म्हणाला इथं असली काही भरती नाही. मग कळलं की ते एका पंचायतीच्या कचऱ्याच्या शेडचं काम होतं, सुका कचरा वेगळा करतात ना त्या शेडलाही एमआरएफच म्हणतात, मटेरियल रिकव्हरी फॅसिलिटी. दिवस गेला, भाडं गेलं आणि शेडवरची जागाही तोवर भरली. मला फार वाईट वाटलं, कारण त्यातल्या एकाला कामाची खरंच गरज होती.

असे घोळ खूप आहेत. जीआयडीसी म्हणजे औद्योगिक वसाहतीवालं महामंडळ आणि जीएसआयडीसी म्हणजे रस्ते, पूल, इमारती बांधणारं, मध्ये फक्त एक एस. अकाउंटंटच्या जाहिरातीत "टीसीएस, आयटीसीचं काम येणारा" लिहितात तेव्हा ते टॅक्सबद्दल असतं, टाटांची किंवा सिगरेटवाली कंपनी नव्हे. मुरगाव बंदराला कोणी एमपीटी लिहितं कोणी एमपीए, 2021 च्या कायद्यानंतर ट्रस्टची ऑथॉरिटी झाली पण तोंडात एमपीटीच. खाणीवर काम केलेले आमचे काका लोक अजून सेसाच म्हणतात, ती कंपनी 2015 पासून वेदांता आहे, आणि शेअरवाल्यांच्या भाषेत व्हीईडीएल लिहिलं तर त्यांना पत्ताच लागत नाही. केटीसी म्हणजे गोव्याची कदंबा बससेवा, जीएमसी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, हे आपल्याला पाठ आहे, पण चंदगडकडून कामाला आलेल्या एका मुलीला "केटीसीजवळ ऑफिस" वाचून केटीसी ही कुठली तरी कंपनीच वाटली, कदंबाचा बसस्टँड हे तिला कोण सांगणार.

आणि नावांपेक्षा जास्त नुकसान पगाराच्या शब्दांनी होतं. "सीटीसी 2.4, ऑफ रोल, इमिजिएट जॉइनर" एवढंच लिहिलेलं असतं. सीटीसी म्हणजे माणसामागे कंपनीला वर्षाला पडणारा एकूण खर्च, 2.4 म्हणजे दोन लाख चाळीस हजार, पोरगी भागाकार करून महिन्याला 20,000 धरते, घरी सांगून टाकते, त्या हिशोबाने खोली बघते. पण त्यात मालकाचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते, वरून तिचा स्वतःचा बेसिकच्या 12 टक्के पीएफ आणि ईएसआय (आरोग्य विम्याचा हप्ता) कापतात, मग हातात बरेच कमी येतात.

मी म्हणते सगळं पूर्ण लिहूया. बाकीचे ॲडमिन म्हणतात मेसेज लांब झाला की कोण वाचत नाही, आणि ग्रुपमध्ये नंतर शोधायचं तर पोरं "एमआरएफ" असंच टाकून शोधतात. त्यांचंही खरंच आहे. तुम्ही असे ग्रुप चालवत असाल तर काय करता? एकच यादी वर पिन करून ठेवायची की दर मेसेजला पूर्ण नाव?

वास्कोचा
यादी पिन केली तरी कोण उघडत नाही ताई. आम्ही पूर्ण नाव, काम कसलं आणि गाव एवढं पहिल्या ओळीत लिहितो, शॉर्ट नाव शेवटच्या ओळीत शोधण्यापुरतं. "टायर फॅक्टरी, उसगाव" किंवा "कचरा शेड, अमुक पंचायत". गाव लिहिलं की अर्धा घोळ तिथंच मिटतो. टायपिंगचा कंटाळा असेल तर जीबोर्डच्या सेटिंगमध्ये पर्सनल डिक्शनरी आहे, तिथं शॉर्टकट घालून ठेवा, पूर्ण नाव वर सुचवतं.

फोंड्याची_एचआर
सीटीसी आला तर फोन करून "हातात किती" विचारा आणि तोच आकडा लिहा, विचारलं की बहुतेक जण सांगतात. ऑफ रोल म्हणजे पगार कॉन्ट्रॅक्टर देणार, कंपनी नाही. तिथं कंपनीच्या नावाआधी कॉन्ट्रॅक्टरचं नाव पाहिजे, कारण उद्या पगार अडला तर पोरं त्याच्याकडेच जाणार.

सत्तरीकर
दोघांचे आभार, गाव आणि हातातला पगार हे आजपासूनच सुरू करते. पण कॉन्ट्रॅक्टरचं नाव बहुतेक जाहिरातींत नसतंच, आणि फोन केला तर "इंटरव्ह्यूला आल्यावर सांगू" म्हणतात. अशी जाहिरात टाकायचीच नाही का? न टाकली तर एखाद्याची संधी जाईल याची भीती वाटते. वेर्णा, कुंडई, पिसुर्लेच्या औद्योगिक एस्टेटमध्ये कॉन्ट्रॅक्टवर काम केलेलं कोणी असेल तर प्लीज लिहा.