कांदा निर्यात: परतावा आणि बंदी

सरकार रोडटेपमधून, म्हणजे निर्यातमालावरचे कर परत करण्याच्या योजनेतून, कांदा निर्यातदारांना मदत करतं, मग तक्रार कसली, असं काही जण विचारतात. पण रोडटेप ही मदत नव्हे हो. वीजशुल्क, डिझेलवरचा व्हॅट, बाजार समितीची फी असे आधीच भरलेले कर परत मिळतात, एवढंच. मालाच्या किमतीत मिसळून आपले कर बाहेर पाठवायचे नाहीत, हा जगभरचा साधा नियम आहे.

खरं दुखणं धरसोडीचं. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून स्वस्तात बाहेर विकायचं नाही), ८ डिसेंबरला थेट बंदी. तीही लाल कांद्याची आवक सुरू असताना! उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत चार-पाच महिने थांबतो; लाल थांबत नाही, कोंब फुटतात. त्यामुळे भाव पडला तरी ट्रॅक्टर लिलावाला न्यावाच लागतो. मामा निफाडकडे कांदा करतात. त्यांचं म्हणणं एकच, ‘शुल्क लावा, पण पेरायच्या आधी सांगा.’

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडायला हवा, आणि नाफेड-एनसीसीएफ या सरकारसाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांमार्फत २,४१० रुपये क्विंटलने खरेदीही जाहीर केली होती. पण बंदी असताना एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला वाट मोकळी झाली, तेव्हा नाशकात लोक भडकले ते उगाच नाही. बंदी मे २०२४ मध्ये उठली, शुल्क मात्र पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तोवर दुबई-कोलंबोचा व्यापारी कांद्यासाठी कराची, कैरोला फोन लावणारच की.