वरंध घाट, कोकण किनारा आणि आंबोली : फोर बाय फोर प्रवासाचे नियोजन

सह्यवाट :
जानेवारीत आम्ही चौघे फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या) गाडीने पुण्याहून भोर आणि वरंध घाटमार्गे महाडला उतरून मंडणगड, वेळास, आंजर्ले, दाभोळ, गुहागर, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण असा किनारा धरून वेंगुर्ल्यापर्यंत जाणार आहोत आणि आंबोली घाट चढून आजऱ्यामार्गे परतणार आहोत. महामार्ग टाळून शक्य तिथे कच्च्या वाटा घ्याव्यात आणि एखाद्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, गाडी उतरवावी, असा विचार आहे. रोज किती अंतर धरावे आणि गाडीची कोणती तयारी करावी, हे कृपया सांगावे.

खाडीपार :
अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. किनाऱ्याचा रस्ता सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) खाडीत उतरतो आणि पुन्हा सड्यावर चढतो, त्यामुळे नकाशावर हाताच्या अंतरावर दिसणारे गाव गाठायला दोन तास सहज लागतात. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरीबोटी गाडीसकट पलीकडे नेतात. पहिलीमुळे चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. मात्र शेवटची बोट किती वाजता सुटते हे आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवावे आणि त्यानुसार मुक्काम ठरवावा.

दुसरे म्हणजे भरती-ओहोटी. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, आणि नियोजनाला हा हिशेब पुरतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, तर दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी नेहमीपेक्षा बरेच वर येते. त्या दिवसांत वहाळांच्या (ओढ्यांच्या) मुखाशी गाडी घालू नये आणि तंबूही किनाऱ्यालगत ठोकू नये.

सडेकर :
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, परंतु पुळणीवर गाडी उतरवण्याचा बेत आपण सोडून द्यावा, असे मला मनापासून वाटते. ओहोटीची ओली वाळू वरून टणक दिसते आणि चाक थांबले की खचते, ही झाली गाडीची काळजी. त्याहून गंभीर बाब अशी की, आपण जात आहात त्याच काळात वेळास आणि आंजर्ले येथे ऑलिव्ह रिडले कासवे भरतीरेषेच्या वर वाळूत अंडी घालतात. चाकांखाली घरटे दबते, आणि चाकोरीत अडकलेले पिल्लू समुद्रापर्यंत पोहोचत नाही. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी चालवण्यास कायद्यानेच बंदी आहे.

कच्ची वाट हवी असेल तर रत्नागिरी-राजापूर भागातील जांभ्याचे सडे पाहा. फक्त गावकऱ्यांना विचारल्याशिवाय रूढ वाट सोडू नका, कारण कशेळी, देवीहसोळ, बारसू येथील कातळशिल्पे याच कातळावर कोरलेली आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. कोयना-चांदोलीच्या बाजूला वळणार असाल, तर तो व्याघ्र प्रकल्पाचा भाग असल्याने वनविभागाची परवानगी आधी काढावी लागेल.

लोखंडे गॅरेज :
गाडीबद्दल थोडेसे. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबून ठेवल्यास तो तापतो आणि ऐनवेळी धरत नाही. सड्यावरील सुट्या जांभ्याच्या उतारावर फोर लो (चारही चाके हळू पण जास्त जोराने फिरवणारी गिअरची जोडणी) आणि पहिला गिअर लावा, म्हणजे इंजिनच गाडी आवरून धरते. तिथे टायरची हवा थोडी कमी केली तर पकड वाढते, पण डांबरीवर येताच ती पुन्हा भरण्यासाठी छोटा कॉम्प्रेसर सोबत असावा. डिझेल महाड, दापोली आणि रत्नागिरीला भरून घ्या. खाऱ्या हवेतून परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवायला विसरू नका, कारण सायलेन्सर आणि चॅसीचे जोड तिथूनच गंजू लागतात.

सह्यवाट :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुळणीचा बेत आम्ही रद्द केला आहे. पहिला मुक्काम वेळासला करून कासवांचा किनारा पायी पाहू आणि दाभोळची बोट दुसऱ्या दिवशी दुपारी गाठू. रत्नागिरीच्या दक्षिणेला एक पूर्ण दिवस सड्यांसाठी राखून ठेवला आहे. तिथल्या वाटांची माहिती असलेल्या सभासदांनी कृपया लिहावे.