प्रतिसाद: शिंगाळ्याचं शास्त्रीय नाव

वर कुणीतरी म्हटलंय की माशांची शास्त्रीय नावं म्हणजे नुसतं लॅटिन, आपल्या लोकांचा त्यात काही संबंध नाही. निदान मिशाळ माशांच्या बाबतीत तरी हे पटत नाही. आपल्या शिंगाळ्याचं शास्त्रीय नाव आहे स्पेराटा सीनघाला. सावकाश, मोठ्याने म्हणून बघा! कर्नल विल्यम साइक्स या मुंबई सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने भीमा आणि मुळा-मुठेतले मासे धुंडाळले आणि 1839 मध्ये यातलं सीनघाला हे नाव दिलं. रीटा गोग्रा या दुसऱ्या मिशाळ माशाच्या नावातलं गोग्रा हेही त्याचंच. तो आपला घोगरा. ही नावं त्याला कोळ्यांनीच सांगितली असणार, पण त्या कोळ्यांची नावं मात्र कुठे येत नाहीत.

त्याच्याही आधी, 1822 मध्ये, फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात मागूर, वाचा, गरुआ ही तिकडची नावं तशीच ठेवली होती.

बाजारात शिंगाळा दिसला तर जरूर बघा: खवले नाहीत, मिशांच्या चार जोड्या, त्यातली वरच्या जबड्याची चांगलीच लांब. कल्ल्यामागच्या परांचा काटा करवतीसारखा दातेरी असतो, तेवढा हात जपून.