मदत हवी आहे : साध्या फोनवाल्या आजी-आजोबांपर्यंत नाताळ कसा पोचवावा? (इंदूर)

छावनीकर

नमस्कार. आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, नाहीतर "इंदुरात मराठी ख्रिस्ती?" यावरच पहिले वीस प्रतिसाद जातील.

आमचं चर्च सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), रविवारची उपासना हिंदीत. पण मंडळीत मराठी घरं बरीच आहेत. कॅनेडियन मिशन इथे १८७७ साली आलं. पुढे कोणाचे आजोबा नगरहून दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले, कोणाचे महूला रेल्वेत लागले, आणि सगळे इथलेच होऊन गेले. महिन्यातून एकदा दुपारी मराठी उपासना व्हायची. ती कोरोनामुळे मार्च २०२० पासून बंद आहे.

आमच्या यादीत पासष्टीच्या वरचे सत्तावीस जण आहेत. चर्च आता उघडलंय, पण केंद्राच्या ४ जूनच्या नियमावलीत पासष्टीपुढच्यांनी घरीच राहावं असं आहे. समूहगायनाला मनाई, रेकॉर्डिंग लावायला हरकत नाही. त्यात परवा शनिवारपासून (२१ नोव्हेंबर) रात्री दहा ते सकाळी सहा कर्फ्यू लागला. म्हणजे ३१ डिसेंबरची वॉचनाइट (मध्यरात्रीची उपासना) गेलीच, घरोघर कॅरोल म्हणजे नाताळगीतं गायच्या रात्रीही गेल्या.

किराणा, औषधं, गॅस, हे सगळं तरुण संघ बघतो. त्याबद्दल सल्ला नको, ते उत्तम चाललंय. अडचण वेगळीच आहे. हिंदी उपासना मोबाइलवर दिसते, पण सत्तावीसांपैकी अकरा जणांकडे बटणांचा फोन आहे. मी कॉन्फरन्स कॉल करून पाहिला. पाचांपलीकडे जोडता येत नाही, आणि त्या पाचांतही दोघं "हॅलो, कोण बोलतंय?" एवढंच विचारत राहतात.

एका आजींकडे (८२, निवृत्त नर्स) मी पिशवी ठेवायला गेलो, तर गेटमधूनच म्हणाल्या, "तांदूळ आहेत रे माझ्याकडे. सगळे मला नुसतं देऊनच जातात. मला काहीतरी काम सांग." दर नाताळात त्यांच्या करंज्या आणि शंकरपाळे अर्ध्या मंडळीच्या घरी जायचे. यंदा सुनेने सांगून टाकलंय की कोणी घेणार नाही, करू नका. तेव्हापासून त्यांचा फोनवरचा आवाजच बदललाय.

आणखी एक आजोबा आहेत, वय ७९. येत्या रविवारी, २९ तारखेला, सीएनआयला ५० वर्षं होतात. १९७० साली नागपूरला सहा चर्च-परंपरा एकत्र आल्या तेव्हा हे तिथे हजर होते. आता म्हणतात, काही झालं तरी रविवारी चर्चला येणार, प्रभू राखेल. पाळकसाहेबांनीही (आमचे धर्मगुरू) समजावून पाहिलं. मधुमेह आहे, छातीत स्टेंट आहे. कसं थांबवावं?

शिवाय प्रभुभोजनाचा (उपासनेतली भाकर आणि प्याला) प्रश्न आहेच. आठ महिने झाले, त्यांना मिळालेलं नाही. घरोघर द्यावं का? कोणत्या मंडळीने काय केलं, कळवाल का?

अलकापुरी

आम्ही बडोद्यात जूनपासून मेमरी कार्ड वापरतो. बटणांच्या बहुतेक फोनांत कार्डाची जागा असते आणि आवाजही दणदणीत येतो. ज्या रविवारी चर्च उघडं असतं त्या रविवारी पाळक वेगळं अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग करतात : प्रार्थना, वाचन, दोन गीतं, छोटा उपदेश. कार्ड पाकिटात घालून किराण्याबरोबर द्यायचं, जुनं परत घ्यायचं. प्रत्येकाची दोन कार्डं ठेवा, म्हणजे अदलाबदल चालू राहते. फाइल एकच ठेवा. दहा फाइली टाकल्या की म्हातारी माणसं भलतंच बटण दाबून बसतात.

ज्यांच्या फोनला कार्ड लागत नाही त्यांना पेन ड्राइव्ह लागणारा छोटा स्पीकर. आमच्याकडे तिघांना घेऊन दिला.

सरळमार्गी

मिशनकडे एवढा पैसा असतो, सगळ्यांना स्मार्टफोन घेऊन द्या की. विषय संपला.

छावनीकर

@सरळमार्गी, आमच्या मंडळीचा पैसा म्हणजे रविवारची दानपेटी. ती मार्चपासून कशी भरत असेल याचा अंदाज करा. आणि फोन दिला तरी तो वापरणारं बोट ८२ वर्षांचं आहे. दोघांना देऊन झालाय. एक कपाटात आहे, दुसऱ्यावर नातू खेळतो.

@अलकापुरी, कार्डाची कल्पना एकदम पटली. फोनवर रेडिओ ऐकणारे आमच्यात बरेच आहेत, त्यांना जमेल.

निवृत्त_डॉक्टर

करंज्यांचं आधी. हा आजार खाण्यातून पसरल्याचा पुरावा नाही, जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच सांगितलंय. त्यातून करंजी तळलेली. आजींना करू दे. हात धुवावेत, मास्क लावून डबे भरावेत, आणि मदतीला घरातलंच माणूस असावं. धोका फराळात नाही, फराळाभोवती बसून दोन तास मारलेल्या गप्पांत आहे. डबे गेटवरून उचला. सुनेला हा प्रतिसाद दाखवा, हवं तर माझ्या नावाने भांडा.

गाण्याची मनाई मात्र गंभीरपणे घ्या. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १० मार्चला एका गायकवृंदाची तालीम झाली. ६१ जण हजर होते, त्यांपैकी ५३ आजारी पडले, दोघं गेले. बंद खोलीत गाणं म्हणजे तोंडातून फवारा. आजोबांच्या खोलीत उभं राहून चार तरुणांनी कॅरोल म्हणणं हे प्रेम नव्हे.

मुरारवाला

ग्वाल्हेरहून. "प्रभू राखेल"वाल्या आजोबांसाठी : १५२७ साली विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा प्रोटेस्टंट पंथाचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर गाव सोडून गेले नाहीत, आजाऱ्यांची सेवा करत राहिले. पण त्याच वेळी त्यांनी लिहून ठेवलं की मी औषध घेईन, आणि जिथे माझी गरज नाही तिथे जाणं टाळीन, म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्याला लागण व्हायला नको. आमच्या वडिलांवर हीच मात्रा चालली. विज्ञान सांगून काही उपयोग झाला नव्हता.

पण खरं सांगू का, आजोबांना येऊ नका म्हणण्यापेक्षा त्यांना त्या दिवसाचं बोलायला सांगा. नागपूरला कसे गेले, कोण बरोबर होतं, काय गायलं. फोनवर रेकॉर्ड करा आणि रविवारी चर्चमध्ये स्पीकरवर लावा. रेकॉर्डिंगला परवानगी आहे असं तुम्हीच लिहिलंय. ज्याचा आवाज चर्चमध्ये वाजणार आहे तो माणूस हट्ट सोडतो.

प्रभुभोजनाबद्दल : आमच्याकडे पाळकांनी एकट्याने, मास्क घालून, व्हरांड्यातच दिलं. फक्त भाकर, प्याला नाही. एकाच रूपात घेतलं तरी ते पूर्णच. आणि आजारपणामुळे तेही घेता येत नसेल, तर मनोभावे सहभागी होणाऱ्याला लाभ होतोच, असं १६६२ च्या इंग्लिश प्रार्थनाविधीत स्पष्ट छापलेलं आहे. अर्थात निर्णय तुमच्या बिशपांना विचारून घ्या, फोरमवर विचारून नको.

पलासिया_चौक

भिया, कॅरोल दिवसा करा ना! पिकअप गाडीवर स्पीकर, त्यावर रेकॉर्ड केलेली गीतं, आणि गल्लीगल्लीतून हळूहळू. इंदुरात कचरागाडी रोज सकाळी गाणं वाजवत येते आणि झाडून सगळे दारात येतात. स्वच्छतेत २०२० पर्यंत सलग चार वर्षं पहिला नंबर उगीच नाही. पोलिसांची लेखी परवानगी मात्र काढा.

जाता जाता : तुमच्यात केंद्राचे किंवा रेल्वेचे पेन्शनर असतील तर हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत पाठवू नका. आता पोस्टमन घरी येऊन बोटाचा ठसा घेतो, ७० रुपये लागतात. आधार आणि पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर हाताशी ठेवा.

छावनीकर

सगळ्यांचे आभार. आज बरीच कामं लागली मार्गी.

आजोबांना संध्याकाळी फोन केला. ल्यूथरचं नाव काढलं तर म्हणाले, "ते मला नको शिकवू." पण नागपूरचं सांगा म्हटल्यावर पाऊण तास बोलले, थांबवेनात. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून निघाले इथपर्यंतच आलेत अजून. रविवारी त्यातली दहा मिनिटं लावायला पाळकसाहेब तयार आहेत. आजोबा घरी थांबतील का, ते रविवारी कळेल. सध्या "बघू" म्हणालेत, आधी "येणारच" होतं.

यावरूनच एक सुचलं. नाताळच्या कार्डावर पाळकांचा उपदेश पाचच मिनिटं, बाकी सगळं या अकरा जणांचंच. एकाने बायबलमधला लूकचा दुसरा अध्याय (येशूच्या जन्माचा) वाचायचा, एकाने स्तोत्र, दोघींनी आपापल्या घरून गीत. मी फोनवरून रेकॉर्ड करून जोडीन. नर्स-आजींना यादी दिली आहे, कोणी काय म्हणायचं ते त्या ठरवणार. दोघांना त्यांनी आधीच नापास केलंय.

आता राहिलेली मदत. एक, फोनवरून रेकॉर्ड केलेला आवाज फार चिरका येतो, तो मोबाइलवरच फुकटात कसा सुधारावा? दोन, अकरांपैकी एका आजोबांना जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यांच्यासाठी हे सगळं मोठ्या अक्षरांत छापून द्यायचा विचार आहे, तर देवनागरीचा ठसठशीत फाँट सुचवा. तीन, जेल रोडला (इथला मोबाइलचा बाजार) कोणाची ओळख आहे का? बावीस कार्डं एकदम घ्यायची आहेत आणि नकली नकोत.

पिकअपचं पोलिसांकडे विचारून कळवतो.