'ऋण', 'कर्ज' आणि 'माफी': प्रार्थनेतला एक शब्द

प्रश्न (अंबडहून)

परवा जालन्यात मित्राच्या आजीच्या मातीला गेलो होतो. ख्रिस्ती कुटुंब. सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हटली, त्यात एक ओळ आली, 'आमची ऋणे आम्हांस सोड'. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. आपण तर सत्काराला उत्तर देताना म्हणतो, 'मला तुमच्या ऋणातच राहू द्या'. आपल्याकडं पितृऋण, ऋषिऋण हे फेडायचं असतं, सोडून मागायचं नसतं. मग इथं सरळ 'पाप' हा शब्द का नाही?

उत्तर (जालन्याहून)

दादा, बोलता येऊ लागल्यापासून मी ही प्रार्थना म्हणत आलेय, आणि शाळेत असताना मलाही हाच प्रश्न पडला होता. ही प्रार्थना येशूनं शिकवलेली, आणि तो बोलायचा अरामी. त्या भाषेत 'होबा' म्हणजे देणंही आणि पापही. येशूचं चरित्र ग्रीकमध्ये लिहिताना मत्तयानं 'देणं' धरलं. दुसरा चरित्रकार लूक, त्यानं त्या जागी 'पाप' लिहिलं, पण पुढच्याच शब्दांत त्यालाही 'देणेकरी' आणावाच लागला. आपल्या मराठी बायबलात मत्तयाचं 'ऋण' राहिलं. कॅथोलिक घरांत 'अपराध' ऐकाल.

मला 'ऋण'च बरं वाटतं. 'पाप' म्हटलं की गोष्ट मनातल्या मनात राहते. 'ऋण' म्हटलं की वही उघडावी लागते, आणि त्या वहीत दोन माणसं असतात, सावकार आणि देणेकरी.

ख्रिस्ती नीतिविचारात या दोघांपैकी पापी कोण, हे शतकानुशतकं बदलत गेलं. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, दर सातव्या वर्षी देणं सोडायचं आणि गरिबाकडून व्याज घ्यायचं नाही, अशी आज्ञा आहे. हिब्रूत व्याजाला 'नेशेख' म्हणतात. मूळ अर्थ चावा. ग्रीकमधला शब्द 'तोकोस', म्हणजे पिल्लू, अपत्य. चौथ्या शतकातला कैसरियाचा बिशप बासिल याच शब्दावर बोट ठेवून सावकारांना झोडपतो: जनावराला वेत यायला काळ लागतो, तुमचा पैसा मात्र आज जन्मतो आणि आजच विऊ लागतो. 325 मध्ये नायसिया इथं भरलेल्या चर्चच्या परिषदेनं व्याज घेणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढायचं ठरवलं. 1179 च्या लॅटरन इथल्या चर्च परिषदेनं तर उघड व्याजखोराला प्रभुभोजन नाकारलं आणि ख्रिस्ती मातीही. तुम्ही मातीला येऊन गेलात, म्हणजे ही शिक्षा केवढी मोठी होती ते तुम्हाला सांगायला नको.

तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्विनासनं या व्याजबंदीला तर्काची जोड दिली. धान्य खाल्लं की संपतं, पैसा खर्चला की संपतो. धान्याची किंमत वेगळी आणि खाण्याचं भाडं वेगळं लावलं, तर एकच वस्तू दोनदा विकल्यासारखं होतं.

पुढं व्यापार वाढला तसा सूर बदलला. 1462 मध्ये इटलीत पेरुजाला फ्रान्सिस्कन साधूंच्या पुढाकारानं गहाणावर गरिबांना स्वस्तात कर्ज देणारी पेढी निघाली. खर्च भागेल एवढंच व्याज. त्यावर साधूंमध्येच कडाक्याचे वाद झाले, पण 1515 मध्ये चर्चनं तिला मान्यता दिली. 1545 च्या सुमारास प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विननं लिहिलं, व्याज सरसकट पाप नाही, पण गरिबाकडून घेऊ नये. 'पण'च्या पुढची ती अट नंतरच्या लोकांनी गाळली, असं माझं मत आहे. कर्ज थकलं म्हणून माणसाला तुरुंगात टाकणं ख्रिस्ती इंग्लंडमध्ये 1869 च्या कायद्यापर्यंत सर्रास चालत होतं. म्हणजे पापी ठरला तो देणेकरी.

उत्तर (बीडहून)

ताई, एक भर घालतो. 'व्याज' या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ कपट, बहाणा. व्याजस्तुती म्हणजे स्तुतीच्या मिषानं निंदा. निष्कपट ते निर्व्याज. आपण 'निर्व्याज प्रेम' म्हणतो त्यात दोन्ही अर्थ ऐकू येतात. लूकमध्ये 'परत मिळण्याची आशा न धरता उसनं द्या' असं आहे, त्याला याहून नेमका शब्द मला सुचत नाही. आमच्याकडं जुनी माणसं अजून वाढीदिढीचं सांगतात. पेरणीला पोतं न्यायचं, सुगीला दीड पोतं घालायचं. बासिलचं पिल्लू ते हेच.

अंबडहून पुन्हा

आता माझा मूळ शब्द जरा वेगळाच दिसायला लागला. शेतकरी चळवळीतली माणसं 'कर्जमाफी' म्हणू देत नाहीत, 'कर्जमुक्ती' म्हणा म्हणतात. आम्ही गुन्हा केला नाही, मग माफी कशाची? मला तो शब्दांचा कीस वाटायचा. 2017 मध्ये वडलांसोबत कर्जमाफीचा अर्ज भरायला रांगेत उभा होतो. पुढच्या म्हाताऱ्याचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता. तो धोतराला बोट पुसायचा, परत टेकवायचा. चार वेळा. आणि दर वेळी समोरच्या पोराला म्हणायचा, 'माफ करा साहेब'.

जालन्याहून

दादा, म्हणूनच 'सोड' हे क्रियापद बघा. मत्तयाच्या ग्रीकमध्ये तिथं 'आफिएमी' आहे. जाऊ देणं, मोकळं करणं. कोळी जाळी सोडून येशूच्या मागं निघाले, तिथंही हेच क्रियापद. दावं सोडावं तसं. मराठी भाषांतरात 'माफ कर' आलं असतं तर त्या म्हाताऱ्यासारखं हात जोडून उभं राहावं लागलं असतं. आमच्या घरी सोसायटीचा बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा कागद, आला, तेव्हा आजीनं तो देवाच्या फोटोखाली ठेवला होता. वाचता येत नव्हतं तिला. 'सुटलं का?' एवढंच विचारलं होतं.